सक्ती कोणाची, भुर्दंड कोणाचा: इंग्लिश कॉमन लॉमधली ‘कायद्याची सक्ती’ पायरीपायरीने

एक्झॉल नावाच्या माणसाने आपली घोडागाडी पार्ट्रिज नावाच्या गाडी बनवणाऱ्याच्या जागेत ठेवली होती. त्या जागेचं भाडं थकलेलं होतं. त्या काळच्या इंग्लिश कायद्याप्रमाणे भाडं थकलं की जागामालक थेट जागेवर येऊन तिथे सापडेल ती वस्तू जप्त करू शकत असे, मग ती भाडेकरूची असो वा परक्याची. जागामालकाने एक्झॉलची गाडी धरली. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं झालं. गाडी सोडवायला एक्झॉलने दुसऱ्यांचं थकलेलं भाडं स्वतःच्या खिशातून भरलं आणि मग ज्यांच्या नावावर ती जागा होती त्यांच्यावर दावा लावला. बचाव असा होता की आम्ही काही तुला पैसे भरायला सांगितलं नव्हतं, तू आपखुशीने भरलेस. १७९९ साली लॉर्ड केनियन यांच्या न्यायालयाने हा बचाव फेटाळला. गाडी अडकलेला माणूस आपखुशीने पैसे देत नाही, तो कायद्याच्या सक्तीने देतो, आणि ज्याचं देणं फिटलं त्याने ते परत करायचं.

या निकालात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जागामालकाने काहीही गैर केलेलं नव्हतं. त्याची जप्ती शंभर टक्के कायदेशीर होती, आणि नेमकं म्हणूनच एक्झॉलला त्याच्याकडून एक पेनीही परत मागता आली नसती. इंग्लिश कायद्यातल्या सक्तीची सगळी गंमत इथे आहे. सक्ती जितकी कायदेशीर, तितकी ती करणाऱ्याकडून पैसे सुटण्याची आशा कमी. पण ज्याचं ओझं तुमच्या डोक्यावर येऊन पडलं, त्याच्याकडून वसुली करण्याचा तुमचा हक्क मात्र तितकाच पक्का. सक्ती बेकायदा असेल तर गणित उलटतं, आणि पैसे सक्ती करणाऱ्याकडूनच परत मागायचे असतात. पुढच्या पायऱ्या हा फरक हातात धरून चालायच्या आहेत.

आधी शब्दांचं थोडं. मराठीत ‘सक्ती’ हा एक शब्द आपण फार ठिकाणी राबवतो. सक्तीचं शिक्षण, सक्तमजुरी, सक्तवसुली आणि ‘माझ्यावर सक्ती करू नकोस’ अशी घरगुती तक्रार, सगळीकडे तोच. त्यामुळे कॉमन लॉ, म्हणजे न्यायाधीशांच्या निकालांतून घडत आलेला इंग्लिश कायदा, वाचणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा पहिला गोंधळ इथेच होतो. या लेखात ‘कायद्याची सक्ती’ म्हणजे कायदा, न्यायालय किंवा कायद्याने अधिकार दिलेला माणूस यांच्याकडून आलेली सक्ती. धमकावून, अडवून, नाक दाबून जे करवून घेतलं जातं त्याला इंग्लिश वकील ‘ड्युरेस’ म्हणतात, त्यासाठी मी तोच शब्द ठेवतो. लेखाचा आवाका इंग्लंड आणि वेल्सपुरता आहे, स्कॉटलंडची कायदापद्धत वेगळी आहे. आणि हा वकिली सल्ला नव्हे. वकिलाकडे जाण्याआधी आपलं प्रकरण नीट मांडता यावं, एवढाच याचा उपयोग.

पायरी १: सक्ती आली कुठून, ते एका ओळीत लिहा

कागद घ्या आणि एकच वाक्य लिहा: ‘मी अमुक केलं किंवा अमुक पैसे भरले, कारण नाहीतर ... झालं असतं.’ गाळलेल्या जागी जे येईल, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

‘नाहीतर न्यायालयाचा अवमान झाला असता’ किंवा ‘कायद्याप्रमाणे गुन्हा ठरला असता’ असं उत्तर आलं, तर पायरी २ पाहा. ‘नाहीतर दुसऱ्याच्या देण्यापायी माझी वस्तू गेली असती किंवा मला धरलं असतं’, तर पायरी ३. ‘नाहीतर माझ्यावर दावा झाला असता’, तर पायरी ४. समोर सरकारी खातं असेल, तर ५. ‘नाहीतर समोरच्याने माझं नुकसान केलं असतं’, तर ६.

एका प्रकरणात दोन-दोन उत्तरं निघू शकतात. तशी ती निघाली तर दोन्ही लिहून ठेवा. मात्र ‘नाहीतर मला वाईट वाटलं असतं’, ‘नात्यात वितुष्ट आलं असतं’ हे उत्तर असेल, तर ती कॉमन लॉच्या भाषेत सक्ती नाही, आणि पुढे वाचण्याची तसदी घेतली नाही तरी चालेल.

पायरी २: कायदाच हुकूम देतो तेव्हा

इथे पहिलं काम म्हणजे विनंती आणि हुकूम यांतला फरक ओळखणं. साध्या पत्रावर सरकारी शिक्का दिसला की आपल्याकडच्या माणसाला तो हुकूमच वाटतो. इंग्लंडमध्ये पोलिसांनी एखाद्या दुकानदाराकडे गिऱ्हाइकाची माहिती पत्राने मागितली, तर बहुधा ती विनंती असते. २०१८ चा डेटा संरक्षण कायदा गुन्ह्याच्या तपासासाठी अशी माहिती देण्याची मोकळीक देतो. पण मोकळीक म्हणजे सक्ती नव्हे. म्हणून उत्तर देण्याआधी लेखी विचारा: ही माहिती कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली मागत आहात, आणि ती न दिल्यास काय होतं? सक्ती असेल तर उत्तरात कलम येतं किंवा न्यायालयाचा आदेश जोडलेला असतो.

हा फरक का जपायचा, ते बँकांच्या गाजलेल्या प्रकरणावरून कळतं. टूर्निए नावाच्या खातेदाराचं खातं साधारण साडेनऊ पौंडांनी उणे होतं. शाखेच्या व्यवस्थापकाने त्याच्या मालकांना फोन केला आणि बोलता बोलता हा माणूस घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावणाऱ्यांशी व्यवहार करतो असं सुचवलं. टूर्निएची नोकरी पुढे चालू राहिली नाही. १९२४ साली अपील न्यायालयाने सांगितलं की खातेदाराची माहिती गुप्त ठेवणं हे बँकेचं कराराने आलेलं कर्तव्य आहे आणि त्याला अपवाद चारच: कायद्याची सक्ती, जनतेप्रति कर्तव्य, बँकेचं स्वतःचं हित आणि खातेदाराची संमती. पहिला अपवाद आज सर्वांत जाडजूड झाला आहे. १८७९ च्या बँक वह्यांच्या पुराव्याच्या कायद्याखालचा आदेश आणि २००२ च्या गुन्ह्यातून मिळालेल्या मालमत्तेविषयीच्या कायद्याखाली संशयास्पद व्यवहार कळवण्याचं बंधन, ही त्याची रोजची रूपं. सक्ती खरी असेल तर माहिती देणारा सुरक्षित असतो. सक्ती नसताना माहिती दिली, तर गोपनीयता मोडल्याचा दावा अंगावर येऊ शकतो.

साक्षीचं समन्स आलं तर तारीख आणि पाकीट दोन्ही तपासा. दिवाणी न्यायालयाचं समन्स एरवी सुनावणीच्या किमान ७ दिवस आधी हातात पडलेलं असावं लागतं, आणि सोबत जाण्यायेण्याचा खर्च व मोडलेल्या वेळेचा मोबदला देऊ केलेला असावा लागतो. हे नसेल तर समन्सच्या बंधनाविषयी प्रश्न उभा राहतो. पण म्हणून घरी बसू नका, न्यायालयाला लगेच कळवा. हजर राहणं सक्तीचं असलं तरी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सक्तीचं नसतं. ज्या उत्तराने स्वतः किंवा जोडीदार फौजदारी खटल्यात अडकेल ते नाकारण्याचा हक्क १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. काही चौकशांमध्ये कायदाच हा हक्क काढून घेतो, आणि तिथे उत्तर द्यावंच लागतं. मात्र अशी सक्तीने काढलेली उत्तरं पुढे त्याच माणसाविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरणं योग्य न्यायदानाच्या हक्काचा भंग आहे, असं युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९६ मध्ये सॉन्डर्स प्रकरणात ब्रिटनला सुनावलं.

पायरी ३: दुसऱ्याचं देणं तुमच्या गळ्यात पडलं असेल तर

एक्झॉलची गाडी इथली. या पायरीवर थोडा वेळ थांबू, कारण सक्तीचा अर्थ इथे सर्वांत स्वच्छ दिसतो.

नियमाची घडीव मांडणी १८७२ च्या मूल विरुद्ध गॅरेट या निकालात सापडते. मूळ भाडेकरूने भाडेपट्टा दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला. तिसऱ्याने जागेची दुरुस्ती केली नाही. मालकाने मूळ भाडेकरूलाच धरलं, कारण त्याची कराराची जबाबदारी पट्टा देऊन टाकल्याने संपली नव्हती. त्याने भरपाई दिली आणि तिसऱ्याकडून वसूल केली. मूळ भाडेकरू आणि तिसरा यांच्यात कसलाही करार नव्हता, तरीही. या नियमातून स्वतःला विचारायचे प्रश्न असे निघतात.

देणं भरायला कायद्याने मला भाग पाडलं होतं का, किंवा भाग पाडता आलं असतं का? या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. बेलिफ दारात येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. देणं तुमच्याकडून वसूल होऊ शकत होतं, एवढं पुरे. माझ्या भरण्याने त्या दुसऱ्या माणसाचं देणं खरोखर फिटलं का? आणि आमच्या दोघांत शेवटी ते ओझं त्याचंच होतं का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर प्रकरणाची बैठक भक्कम आहे.

१९३७ चं ब्रुक्स व्हार्फचं प्रकरण हे तिन्ही प्रश्न एकत्र दाखवतं. रशियातून आयात केलेली खारीची कातडी सीमाशुल्काच्या गोदामात ठेवलेली होती. माल चोरीला गेला. शुल्क आयातदाराचं, पण कायदा ते गोदामवाल्याकडूनही वसूल करू देत होता. गोदामवाल्याने भरलं आणि आयातदाराकडे मागितलं. आयातदार म्हणाला, माल माझ्या हाती आलाच नाही, मी शुल्क कशाला देऊ? गोदामवाल्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नव्हता. न्यायालयाने आयातदाराला पैसे द्यायला लावले.

आता चौथा प्रश्न, आणि बहुतेक दावे इथेच पडतात: या सापळ्यात मी आपणहून पाय घातला का? १८६६ च्या इंग्लंड विरुद्ध मार्सडेन या प्रकरणात (इंग्लंड हे दावेदाराचं आडनाव) तारणाखाली ताब्यात घेतलेल्या वस्तू दावेदाराने स्वतःच्या सोयीसाठी कर्जदाराच्या घरातच राहू दिल्या. जागामालकाने त्या धरल्या. दावेदाराने भाडं भरून त्या सोडवल्या, पण वसुली मिळाली नाही. या निकालावर पुढे न्यायाधीशांनीच टीका केली आहे, तरी त्यातला धडा पूर्ण मेलेला नाही. ओवेन विरुद्ध टेट हे त्याहून बोलकं. आपल्या जुन्या कर्मचारी बाईंचे घराचे कागद बँकेतून सुटावेत म्हणून एका गृहस्थाने, कर्जदारांना न विचारता, ३५० पौंड ठेवून त्यांच्या कर्जाची हमी घेतली. बँकेने हमी वापरली. त्याला पैसे भरावे लागले ही सक्ती खरीच होती, पण त्या सक्तीत शिरणं ही न्यायालयाच्या मते नसती उठाठेव. वसुली नाही. निकाल कठोर आहे, आणि मला तो आवडत नाही, पण तो उभा आहे. म्हणून कोणाची हमी घ्यायची तर ज्याचं कर्ज आहे त्याच्याकडून ‘तुम्ही माझ्यासाठी हमी घ्या’ अशी एक ओळ लेखी मागून घ्या. एका ओळीच्या ईमेलने ओवेनचा दावा बदलला असता.

जप्तीविषयी जुनी पुस्तकं वाचताना सावध राहा. भाड्यासाठी परस्पर जप्ती करण्याचा तो प्राचीन हक्क ६ एप्रिल २०१४ पासून रद्द झाला आहे. आता व्यावसायिक जागांसाठी वेगळी, नियमांनी बांधलेली पद्धत आहे आणि तीत भाडेकरूच्याच वस्तू घेता येतात. एक्झॉलची गाडी आज धरता आली नसती. तुमची वस्तू चुकून उचलली गेलीच, तर पैसे भरून सोडवण्याऐवजी ती आपली असल्याचा लेखी दावा तातडीने करा.

भारतात कायदा शिकणाऱ्यांनी इथे कलम ६९ उघडावं. १८७२ चा, म्हणजे मूल विरुद्ध गॅरेटच्याच वर्षीचा, भारतीय करार कायदा आणखी एक पाऊल पुढे जातो. दुसऱ्यावर कायद्याने बंधनकारक असलेलं देणं भरण्यात तुमचं हित गुंतलेलं असलं आणि म्हणून तुम्ही ते भरलंत, तरी परतफेड मिळते. कायद्यातलं उदाहरण बंगालच्या जमीनदाराचं आहे. त्याने सरकारी महसूल थकवला, जमीन लिलावात निघाली, कुळाचा पट्टा बुडणार होता. कुळाने महसूल भरला तर जमीनदाराने तो परत करायचा. इंग्लंडमध्ये ‘भाग पाडलं गेलं किंवा पाडता आलं असतं’ हे दाखवावं लागतं, भारतात ‘हित होतं’ हे पुरतं.

पायरी ४: न्यायालयामार्फत पैसे गेले असतील तर

ही पायरी कडू आहे. १७९७ मधलं मॅरियट नावाच्या माणसाचं प्रकरण पाहा. त्याने मालाचे पैसे दिले होते, पावतीही घेतली होती. विक्रेत्याने पुन्हा दावा लावला. पावती सापडेना. दुसऱ्यांदा पैसे भरावे लागले. नंतर पावती सापडली आणि तो परतफेड मागायला गेला. लॉर्ड केनियन यांनीच, म्हणजे दोन वर्षांनी एक्झॉलला न्याय देणाऱ्या न्यायाधीशांनीच, त्याला परत पाठवलं. न्यायालयीन प्रक्रियेखाली दिलेले पैसे परत उकरायला लागलो तर कुठलाच खटला कधी संपणार नाही, हे त्यामागचं कारण.

त्यासाठी निकाल लागलेला असावा असंही नाही. १८९५ मध्ये फुलहॅमच्या स्थानिक संस्थेने मूर नावाच्या माणसाला रस्त्याच्या कामाच्या वर्गणीसाठी समन्स काढलं. त्याने सुनावणीआधीच पैसे भरले. नंतर कळलं की त्याची जागा त्या रस्त्याला लागूनच नाही. पैसे गेले ते गेलेच. लढायची संधी दाराशी आलेली असताना तुम्ही ती सोडलीत, असा हिशोब.

म्हणून इथे कृती साधी: ‘आधी भरू, मग भांडू’ हा आपला आवडता मार्ग दिवाणी दाव्यात वापरू नका. दाव्याचा तपशील हाती पडल्यापासून १४ दिवसांत उत्तर द्या. तेवढ्यात जमत नसेल तर दावा मिळाल्याची पोच दाखल करा, म्हणजे एकूण २८ दिवस मिळतात. तुमच्या गैरहजेरीत निकाल झाला असेल, तर तो रद्द करण्याचा अर्ज विनाविलंब करा आणि बचावात खरोखर दम आहे हे दाखवा. निकालाविरुद्ध अपिलाची नेहमीची मुदत २१ दिवस.

अपवाद आहे, पण अरुंद. १८३६ च्या एका प्रकरणात पोर्तुगालचा एक ड्यूक फॉलमथ बंदरात उतरताच त्याला खोट्या कर्जासाठी अटक करवण्यात आली. सुटकेसाठी त्याने ५०० पौंड दिले. दावा खोटा आहे हे अटक करवणाऱ्याला ठाऊक होतं, म्हणून पैसे परत मिळाले. तिथे न्यायालयाची प्रक्रिया हे नुसतं हत्यार होतं.

पायरी ५: समोर सरकारी खातं असेल तर

१९९२ पर्यंत इथेही निराशाच होती. व्हाइटली या मोठ्या लंडनच्या दुकानाने नोकरांवरचा एक कर निषेध नोंदवून, पण भरला. कर लागूच नव्हता असं नंतर ठरलं. तरी १९०९ मध्ये परतावा नाकारला गेला, कारण ‘तुम्ही न भरता लढू शकला असता.’

वूलिच या गृहकर्ज संस्थेने हे चित्र पालटलं. तिने जवळपास ५ कोटी ७० लाख पौंड कर भरला, आणि ज्या नियमांखाली तो मागितला ते पुढे अवैध ठरले. मूळ रक्कम परत मिळाली. भांडण उरलं व्याजाचं, सुमारे ६७ लाख पौंडांचं. व्याज द्यायचं की नाही हे पैसे भरल्याच दिवशी परताव्याचा हक्क निर्माण झाला होता का, यावर ठरणार होतं. लॉर्ड्सच्या सभागृहाने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन मतांनी वूलिचच्या बाजूने कौल दिला. अधिकार नसताना सरकारने मागितलेला कर परत मिळवण्यासाठी दबाव किंवा चूक सिद्ध करावी लागत नाही. राज्यसंस्थेची मागणी हाच पुरेसा दबाव, हा त्यांतले एक न्यायाधीश लॉर्ड गॉफ यांच्या विचाराचा रोख. कराच्या बाबतीत त्या-त्या कायद्यातली परताव्याची आणि अपिलाची वाट मात्र आधी तपासा. ती ठरलेली असेल तर तिथूनच जावं लागतं.

पायरी ६: माणसाने अडवलं असेल तर

इथे भूमिका उलटते. आता तुम्ही म्हणत आहात की सक्ती बेकायदा होती, आणि ती करणाऱ्याकडेच पैसे मागत आहात.

सर्वांत जुनं आणि माझं आवडतं उदाहरण १७३१ चं. ॲस्टली नावाच्या माणसाने चांदीची भांडी २० पौंडांवर गहाण ठेवली. तीन वर्षांनी सोडवायला गेला तर सावकार व्याजाचे १० पौंड मागू लागला. कायदेशीर व्याजापेक्षा जास्तच असे ४ पौंड ॲस्टलीने पुढे केले. सावकार ऐकेना. ॲस्टलीने पैसे भरले, भांडी घेतली आणि जादा रक्कम परत मिळवली. ‘आधी भांडी सोडवण्याचा दावा लावायचा होतास’ हा युक्तिवाद चालला नाही, कारण वस्तू आत्ता हवी असते. करार कायद्याच्या कलम ७२ मध्ये हाच प्रसंग भारतीय कपडे घालून येतो: रेल्वे कंपनी बेकायदा आकार घेतल्याशिवाय माल सोडत नाही, माल घेणारा भरतो, मग जादा रक्कम परत मिळवतो.

वस्तू धरण्यापलीकडचा, नुसता धंद्याचा दबाव ड्युरेस म्हणून मान्य व्हायला १९७० चं दशक उजाडावं लागलं. आज न्यायालय दोन गोष्टी पाहतं: दबावापुढे दुसरा व्यवहार्य मार्ग उरला होता का, आणि दबाव गैर होता का. पहिलीपेक्षा दुसरी अवघड.

‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण इथे फार कामाची आहे, कारण हरी नुसता अडला म्हणून ड्युरेस होत नाही. १९८९ च्या ॲटलस विरुद्ध काफको प्रकरणात टोपल्यांसारख्या विणलेल्या वस्तू विकणारी छोटी कंपनी वूलवर्थ्स या मोठ्या दुकानसाखळीला माल पुरवत होती. मालवाहतूक कंपनीने प्रत्येक खोक्यामागे १ पौंड १० पेन्स असा दर ठरवला, पण एका गाडीत किती खोकी मावतील याचा अंदाजच तिने चुकवला. मग नाताळाच्या तोंडावर रिकामी गाडी आली आणि चालकाच्या हातात नवा करार: गाडीमागे किमान ४४० पौंड, नाहीतर गाडी परत. मालकाने सही केली. न्यायालयाने तो करार लागू करायला नकार दिला. इथे धमकी होती ती स्वतःचाच करार मोडण्याची.

आता हे १९९४ च्या सिगारेटींच्या प्रकरणाशी ताडून पाहा. सुमारे १७,००० पौंडांच्या सिगारेटी प्रेस्टनऐवजी बर्नलीच्या गोदामात उतरवल्या गेल्या आणि तिथून चोरीला गेल्या. पुरवठादाराला प्रामाणिकपणे वाटलं की त्या मालाचे पैसे गिऱ्हाइकाने द्यायला हवेत. पैसे न दिल्यास उधारी बंद करू, असं त्याने सांगितलं. उधारी देणं-न देणं त्याच्या मर्जीतलंच होतं. ड्युरेस नाही. २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्स आणि बर्मिंगहॅमची एक ट्रॅव्हल एजन्सी यांच्या वादात हीच रेघ पुन्हा ओढली. कायदेशीर कृतीची धमकीही ड्युरेस ठरू शकते, पण विरळाच. जसं, मुलाने केलेल्या खोट्या सह्यांबद्दल खटला भरण्याची भीती घालून बापाकडून तारण लिहून घेणं, जे १८६६ सालीच रद्द झालं होतं. मक्तेदार आपली ताकद स्वार्थासाठी वापरतो, एवढ्याने भागत नाही.

तेव्हा धमकीचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि विचारा: त्याने जे करीन म्हटलं, ते करायचा त्याला हक्क होता का? हक्क नव्हता तर पुढे चला. हक्क होता तर वकिलाला गाठण्यापूर्वी खर्चाचा विचार करा.

फौजदारी खटल्यातलं ड्युरेस हा वेगळाच प्रांत आहे आणि तिथे दरवाजे जाणूनबुजून अरुंद ठेवले आहेत. २००५ च्या हसन निकालानुसार धमकी मृत्यूची किंवा गंभीर इजेची हवी, ती स्वतःला, घरच्यांना किंवा ज्यांची जबाबदारी आपल्यावर आहे अशांना हवी, सुटकेची रास्त वाट नसावी, आणि गुन्हेगारांच्या संगतीला आपणहून गेलेल्याला हा बचाव नाही. खून आणि खुनाचा प्रयत्न यांना तो लागूच नाही.

पायरी ७: निषेध लिहा, गप्प बसू नका, तारखा मोजा

पैसे भरावेच लागणार असतील तर त्याच दिवशी ईमेल करा. मजकूर एवढाच पुरे: ‘ही रक्कम देणं लागत नाही अशी माझी भूमिका आहे. अमुक कारणाने मला दुसरा मार्ग उरलेला नाही म्हणून निषेध नोंदवून भरत आहे आणि परत मागण्याचा हक्क राखून ठेवत आहे.’ निषेधाने सक्ती सिद्ध होत नाही, पण तो नसला तर ‘आपखुशीने दिले’ हा युक्तिवाद समोरच्याला आयता मिळतो.

दबाव उठला की लगेच हालचाल करा. १९७० च्या दशकात डॉलरचं अवमूल्यन झालं म्हणून एका जहाजबांधणी कंपनीने किमतीत १० टक्के वाढ मागितली आणि जहाज हवं असलेल्या मालकांनी ती दिली. १९७९ च्या निकालात न्यायालयाने ड्युरेस मान्य केलं. तरी मालक हरले, कारण जहाज ताब्यात आल्यानंतर आठ महिने ते काहीच बोलले नव्हते. गप्प राहणं म्हणजे करार पत्करणं ठरलं.

मुदतीचं सांगायचं तर पैसे परत मागण्याच्या अशा दाव्यांना सर्वसाधारणपणे ६ वर्षं, आणि एकाच नुकसानीला तुमच्याबरोबर जबाबदार असलेल्या दुसऱ्याकडून १९७८ च्या दिवाणी जबाबदारीच्या वाटणीविषयीच्या कायद्याखाली त्याचा वाटा मागायचा असेल तर केवळ २ वर्षं. चूक किंवा लबाडी असेल तर ती उघड झाल्यापासून मोजणी होऊ शकते, नुसत्या ड्युरेसला ही सवलत नाही. लंडनच्या स्पिटलफील्ड्स बाजाराजवळ धंदा करणारा मास्केल १९०० पासून १९१२ पर्यंत माल जप्त होईल या भीतीने बाजाराचा कर भरत आला, दरवेळी कुरकुरत, निषेध करत. कर बेकायदा निघाला. १९१५ मध्ये अपील न्यायालयाने त्याचं सगळं म्हणणं मान्य केलं, आणि बारा वर्षांपैकी शेवटच्या सहा वर्षांचेच पैसे त्याच्या हातात पडले.